आधी गुण जाहीर करा, सोहळा मागाहून

४ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतल्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्स या संस्थेने पायल कपाडिया यांना वर्षातल्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक म्हणून निवडलं. त्यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी महिनाभर आधीच परभाषिक चित्रपटाचा पुरस्कार दिला होता. मुंबईतल्या नर्सेसची ही गोष्ट मल्याळम, हिंदी आणि मराठीत बोलते. छाया कदम यांची पार्वती बिल्डरपायी राहतं घर सोडून रत्नागिरीकडच्या गावी परतते. भारतातर्फे ऑस्करसाठी चित्रपट निवडणाऱ्या फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया या महासंघाने मात्र हा चित्रपट पाठवला नव्हता. निवड समितीतले तेराही जण पुरुष होते. समितीला हा ‘भारतात घडणारा युरोपीय चित्रपट’ वाटला, अशा आशयाचं महासंघाच्या अध्यक्षांचं म्हणणं छापून आलं आणि वाद पेटला.

तेव्हापासून महाराष्ट्रात या विषयावर दोन तट पडलेले आहेत. एक म्हणतो, आपल्या माणसांची कदर बाहेरच होते. दुसरा म्हणतो, आपलं दैन्य दाखवलं की गोरे टाळ्या वाजवतात. दुसऱ्या तटाला एक आठवण करून द्यावी लागेल: न्यूयॉर्कच्या याच समीक्षक मंडळाने २०२२ सालचा दिग्दर्शनाचा पुरस्कार एस. एस. राजामौली यांना ‘आरआरआर’साठी दिला होता. त्यात दैन्य औषधालाही नाही. पहिल्या तटाचंही मला पूर्ण पटत नाही, त्याचं कारण पुढे येईल. दोन्ही तट पुरस्कार कोणाला मिळाला यावर तावातावाने भांडतात, पण मतं कशी मोजली हे विचारायचं दोघांच्याही मनात येत नाही. इथे अमेरिकेत राहून या मंडळांचे निकाल वर्षानुवर्षं वाचताना डोळ्यात भरते ती मोजणीच.

नॅशनल सोसायटी १९६६ साली स्थापन झाली. तिच्याकडे नामांकनं नसतात. त्या वर्षात अमेरिकेत प्रदर्शित झालेला कुठलाही चित्रपट चालतो. प्रत्येक सभासद प्रत्येक विभागात तीन नावं लिहितो. पहिल्या नावाला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. जिंकायला दोन अटी आहेत: सर्वांत जास्त गुण हवेत आणि निम्म्याहून अधिक मतपत्रिकांवर नाव हवं. पहिल्या फेरीत दोन्ही अटी कोणीच पुऱ्या केल्या नाहीत तर पुन्हा मतदान होतं आणि गैरहजर सभासदांनी आगाऊ पाठवलेली मतं त्यात धरली जात नाहीत. चर्चेला हजर असलेल्यांनीच पुढचा निकाल लावायचा.

दुसरी अट किती कामाची आहे ते आकड्यांतून बघा. समजा, २५ मतदार आहेत. ‘क’ चित्रपटावर ११ जण फिदा आहेत, त्यांनी त्याला पहिलं स्थान दिलं: ३३ गुण. उरलेल्या चौदांपैकी एकानेही त्याचं नाव लिहिलेलं नाही. ‘ख’ला ४ जणांनी पहिलं, ६ जणांनी दुसरं आणि ५ जणांनी तिसरं स्थान दिलं: १२, १२ आणि ५ मिळून २९ गुण, पण नाव १५ मतपत्रिकांवर. नुसती बेरीज केली तर ‘क’ जिंकतो. बहुमताची अट लावली की १३ मतपत्रिका लागतात आणि ‘क’ अकरावरच अडतो. ‘ख’ही जिंकत नाही, कारण गुणांत तो मागे आहे. मग दुसरी फेरी होते. आपला चित्रपट शर्यतीत नाही हे ज्यांना कळतं ते उरलेल्यांकडे नव्याने बघतात. एखाद्या कंपूने ठरवून एकच नाव लावून धरलं तर ते इथे अडकतं, कारण कंपूबाहेरच्या दोघा-तिघांना तरी तो चित्रपट पटावाच लागतो.

निकालाच्या दिवशीच विजेत्यासोबत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची नावंही गुणांसकट जाहीर होतात. पुरस्काराची सगळी इभ्रत या एका सवयीत आहे, असं माझं ठाम मत आहे. दोन-तीन गुणांनी हरलेला आणि तीस गुणांनी हरलेला यांच्यातला फरक वाचकाला दिसतो. ‘मॅनेज केलं’ म्हणणाऱ्याला बोट ठेवायला आकडा मिळतो आणि समीक्षकांना उत्तर द्यायला तोच आकडा मिळतो. या संस्थेचा सोहळाच नाही! मंच नाही, लाल गालिचा नाही, विजेत्याला मानपत्र पोचतं. न्यूयॉर्कचं मंडळ, स्थापना १९३५, जानेवारीत मेजवानी देतं, पण विजेते डिसेंबरमध्येच जाहीर झालेले असतात. त्यामुळे पाकीट फोडण्याचं नाटक नसतं आणि ‘येणार असाल तरच पुरस्कार’ असला व्यवहार करायला जागा उरत नाही.

आपल्याकडे या व्यवहाराचीच कुजबुज सर्वांत जास्त असते. वाहिनीवर दिसणाऱ्या पुरस्कार सोहळ्यात ‘समीक्षकांची पसंती’ हा एक विभाग असतो. परीक्षक कोण होते, त्यांनी किती चित्रपट पाहिले, किती मतांनी निकाल लागला, यातलं बहुतेक वेळा काही कळत नाही. लोकप्रिय विभागात ज्याला देता आलं नाही त्याची समजूत काढायला हा विभाग वापरला जातो, असं प्रेक्षकाला वाटत असेल तर त्याला दोष कसा द्यायचा? सोहळ्याचा खर्च प्रायोजक आणि वाहिनी उचलते, त्या वाहिनीची निर्मितीसंस्था स्वतःही चित्रपट काढते आणि तेच चित्रपट स्पर्धेत असतात. परीक्षक कितीही प्रामाणिक असले तरी गुण बाहेर येत नाहीत तोवर संशय फिटत नाही, आणि त्या प्रामाणिक परीक्षकांवरच त्यात अन्याय होतो.

अमेरिकेतली माणसं जात्याच स्वच्छ आहेत असं मात्र कोणी समजू नये. गोल्डन ग्लोब देणारी परदेशी पत्रकारांची संघटना हे ताजं उदाहरण. सभासद अवघे ८७, त्यांत एकही कृष्णवर्णीय नाही, आणि २०१९ साली तीसहून अधिक जणांना एका मालिकेच्या सेटवर पॅरिसला नेऊन उत्तम पाहुणचार झाला होता. हे लॉस एंजेलिस टाइम्सने फेब्रुवारी २०२१ मध्ये छापलं. प्रसिद्धीसंस्थांनी बहिष्कार टाकला, वाहिनीने २०२२चा सोहळा दाखवला नाही आणि २०२३ साली पुरस्कार विकून संघटना बंद झाली. न्यूयॉर्कच्या मंडळालाही घाई नडलेली आहे. २०११ साली सगळ्यांच्या आधी निकाल लावायचा म्हणून त्यांनी मतदान नोव्हेंबरअखेरीस ओढलं. मोठे चित्रपट समीक्षकांना अजून दाखवून व्हायचे होते. एकासाठी तारीख एक दिवस पुढे ढकलली, दुसरा बघायला मिळालाच नाही. सगळ्यांनी न पाहिलेल्या चित्रपटांवर मतं मागितली की नेमाने केलेली मोजणीही लंगडी पडते.

पहिल्या तटाचं पूर्ण पटत नाही म्हटलं, त्याचं कारण दारावर आहे. इथल्या मंडळांपुढे जायला चित्रपट इथे रीतसर प्रदर्शित व्हावा लागतो. कपाडिया यांच्या चित्रपटाला साइडशो आणि जेनस फिल्म्स हे वितरक मिळाले, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये लागला, समीक्षकांसाठी खेळ झाले, सभासदांना घरी बघण्यासाठी दुवे गेले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’लाही २०१५ साली इथे वितरक होता. उलट महाराष्ट्र मंडळं शनिवार-रविवारी एखादं थिएटर घेऊन जे मराठी चित्रपट दाखवतात, ते या दारापर्यंत पोचतच नाहीत. आठवडाभराचा मुक्काम नाही, प्रसिद्धी बघणारं कोणी नाही, वर्तमानपत्रात परीक्षण नाही. गाण्यांना आणि वऱ्हाडी-मालवणी संवादांना उपशीर्षकं नसतील तर अमराठी समीक्षकाने बघायचं तरी काय? म्हणजे इथली ‘कदर’ वाट्याला येते ती वर्षाला भारतातल्या दोन-चार चित्रपटांच्या, आणि ते दोन-चार कोणते हे आधी वितरक ठरवतो. शिवाय मल्याळम, मराठी, बंगाली, जपानी, इराणी सगळं एका ‘परभाषिक’ खणात.

या बाबतीत घरचं पाऊल पुढे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. कोलकात्यात बेंगॉल फिल्म जर्नालिस्ट्स असोसिएशन १९३७ सालीच स्थापन झाली. भारतीय समीक्षकांच्या फिल्म क्रिटिक्स गिल्डने २०१९ साली क्रिटिक्स चॉइस पुरस्कार सुरू केले तेव्हा हिंदी-मराठीसह आठ भाषांचा विचार केला. मार्च २०२५च्या सोहळ्यात चित्रपट आणि दिग्दर्शन हे दोन्ही पुरस्कार ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला मिळाले. घरच्या समीक्षकांनी कदर केली नाही, हे खरं नाही. महासंघाची निवड समिती म्हणजे समीक्षक नव्हेत, एवढा साधा भेद वादात हरवला.

हवं आहे ते मराठी समीक्षकांचं स्वतःचं मंडळ, आणि त्याला फार काही लागत नाही. वीस-पंचवीस सभासद पुरतील. वर्षाला किमान तीसेक परीक्षणं लिहिणारा किंवा बोलणारा, चित्रपटांच्या प्रसिद्धीचं काम न घेणारा, एवढी पात्रता. वर्षाला मराठी चित्रपट शंभराच्या आसपास येतात आणि कित्येक पहिल्या आठवड्यातच उतरतात, तेव्हा सगळ्यांनी सगळं बघणं अशक्य आहे. प्रत्येक चित्रपट वेगवेगळ्या तिघांनी बघायचा आणि दोघांनी होकार दिला तर तो पुढे. त्यातून बाराची यादी, आणि बाराही न पाहिलेल्याला अंतिम मत नाही. ही अट सर्वांत आधी मोडली जाईल, कारण डिसेंबरात निर्माते दुवे उशिरा पाठवतात आणि सभासद ‘आमच्यापुरतं चालवून घ्या’ म्हणतात. म्हणून यादी ३१ डिसेंबरला बंद आणि मतदान जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. तीन आठवड्यांत बारा चित्रपट कोणालाही झेपतात.

मतं नावानिशी जाहीर करावीत का, यावर मी ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे. अमेरिकेत एखाद्या समीक्षकाने मोठ्या निर्मात्याला डावललं तरी त्याचं बहुधा फारसं अडत नाही. मराठीत तोच निर्माता उद्या खेळाचं आमंत्रण बंद करतो, वर्तमानपत्राची जाहिरात थांबवतो आणि संपादकाचा फोन येतो. म्हणून सभासदांची नावं आधी जाहीर, प्रत्येक चित्रपटाचे गुण आणि मतपत्रिकांची संख्या निकालाच्या दिवशी जाहीर, पण कोणी कोणाला मत दिलं ते बंद पाकिटात. तीन नावांच्या पद्धतीत एक खेळी उरतेच: आवडत्याला धोका असलेल्या चित्रपटाचं नाव मुद्दाम गाळून तिसऱ्या जागी कोणालाही बसवायचं. पहिल्या फेरीचे गुण सगळ्यांसमोर वाचून दुसरी फेरी घेतली की असं वाया घालवलेलं मत उघडं पडतं.

पहिल्या वर्षी प्रायोजक शोधूच नये. एक दुपार, एखाद्या वाचनालयाची खोली, कागद आणि मतदार नसलेले दोन मोजणीदार एवढ्यावर भागतं. संध्याकाळी गुणांचा तक्ता वर्तमानपत्रांना पाठवावा, हरलेल्यांच्या आकड्यांसकट.