तरीच!

ठाण्याच्या तलावपाळीला मे महिन्यात, तेही रविवारी संध्याकाळी जाणं ही माझीच चूक. पण भाचा साताऱ्याहून सुट्टीला आलेला, त्याला बोटीत बसायचं होतं. तो आणि त्याची मामी बोटीत गेले. माझ्याकडे दोघांच्या चपला आणि शेंगदाण्याची पुडी.

बाकाच्या टोकाला एक काका टेकले होते. बघताबघता ते मधोमध आले आणि मी टोकाला गेलो.

"ह्या तळ्याखाली भुयार आहे," काका म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "कोपिनेश्वराच्या मागून निघतं ते थेट किल्ल्यात."

किल्ला म्हणजे आताचा तुरुंग. मला गप्प बसता येत नाही, हा घरचाही आरोप आहे. म्हटलं, "काका, पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला १७३० मध्ये. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. त्यांनी भुयार खणलं कधी?"

"रात्रीचं."

"मग आतले कैदी पळून का जात नाहीत?"

"त्यांना कुठे माहितीय!" असं म्हणून काकांनी पुडीत हात घातला. माझ्या पुडीत.

ह्यावर काय बोलणार? गावोगावी असं एक भुयार असतंच. त्यातून घोडेस्वार जातो, दुसरं टोक इंग्रजांनी बुजवलेलं असतं आणि ते सांगणाऱ्याच्या आजोबांनी पाहिलेलं असतं. ठाण्यात एकेकाळी साठ तळी होती म्हणतात. त्यातली निम्मी कुठे गेली, ते कुठल्याच आजोबांनी पाहिलेलं नाही. त्यांच्यावर इमारती उभ्या आहेत, पार्किंगसकट. पण तो विषय काढला की काका लोकांना उशीर होतो.

"तुम्ही कुठले?" काकांनी शेवटचा मूठभर ऐवज उचलत विचारलं.

"ठाण्याचाच. कळव्याला असतो."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हातातल्या चपलांकडेही पाहिलं. "म्हणजे खाडीपलीकडचे," ते म्हणाले. "तरीच!"

तरीच म्हणजे काय? बावीस वर्षं मी घरपट्टी ठाण्यातच भरतोय! देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला गेली. इंजिनाला जे वर्षभरात जमलं, ते ह्या गृहस्थांना अजून जमलेलं नाही. हे सगळं मला सुचलं, पण काका भेळवाल्याकडे निघून गेल्यावर. रिकामी पुडी मात्र बाकावर नीट घडी करून ठेवली होती.

परतताना स्लो लोकल खाडीच्या पुलावर रेंगाळली. भाचा खिडकीतून खाली बघत होता.

"मामा, ते आजोबा तुला काय सांगत होते?"

"भुयाराचं. तळ्याखालून निघतं ते किल्ल्यात जातं."

"आणि मग?"

"मग खाडीखालून थेट कळव्याला," मी म्हणालो. "आपल्या बिल्डिंगच्या मागे."

मामीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या चपलांकडे बघितलं.