गोळी बंद केल्याने मेंदू तरुण होत नाही

परवा मावशीकडे गेले तर टेबलावर तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पडलेली. चौदातल्या चारच फोडलेल्या. हिशेबाने ती पट्टी त्या दिवशी संपायला हवी होती. विचारलं, तर अगदी शांतपणे म्हणाली, "अगं, दहा दिवस झाले बंद करून. एकवीस दिवस करायचंय. या गोळ्यांनी मेंदू आक्रसतो, स्कॅनमध्ये सिद्ध झालंय म्हणे." मी तिथेच दंडाला पट्टा बांधला. १७८/१०२. पाच मिनिटं बसवून पुन्हा बघितलं, १७४/१००. "पण मला तर काही होत नाहीये," ही म्हणते! रक्तदाब वाढला की काही तरी जाणवतंच, असं कुणी सांगितलं?

मी सोळा वर्षं एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे. दिवसभर माणसांचे मेंदूच बघते. म्हणून ज्या मेसेजवरून मावशीने गोळ्या सोडल्या, त्याला उत्तर देणं मला भाग आहे. मेसेज लांबलचक आहे, त्याचा गाभा असा: पेशींच्या टोकाला आयुष्याची वात असते आणि ती किती उरली हे रक्ताच्या एका तपासणीत कळतं. स्कॅनवरून मेंदूचं खरं वय कळतं, ते जास्त निघालं की स्मृतिभ्रंश ठरलेला. रक्तदाबाच्या गोळ्यांनी वात झिजते आणि मेंदू आक्रसतो, म्हणून एकवीस दिवस त्या बंद ठेवा. वात वाढवणारी कॅप्सूल किंवा दाबाखालचा ऑक्सिजन घ्या, मेंदू पंचवीस वर्षांनी तरुण होईल. या सगळ्याला नोबेल मिळालंय. आणि जाता जाता, एमआरआयच्या किरणांनी पेशी मरतात.

शेवटचं आधी उडवून लावते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. मोठं चुंबक आणि रेडिओलहरी, बस. क्ष-किरण सीटी स्कॅनमध्ये असतात. ज्याला एवढा फरक माहीत नाही, तो स्कॅनमध्ये काय सिद्ध झालं ते सांगतोय.

आता गोळ्यांचं. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माणूस मरेल असा मुद्दा हाच आहे.

गोळीने पेशीचं टोक झिजतं याला मेसेजात काडीचा आधार दिलेला नाही. मेंदू आक्रसण्याचं मात्र कुठून आलं असेल ते मला माहीत आहे, आणि त्यात अर्धं सत्य आहे हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतंय. अमेरिकेत स्प्रिंट नावाची मोठी चाचणी झाली. पन्नाशी ओलांडलेले, रक्तदाब असलेले ९,३६१ जण. अर्ध्यांचा वरचा आकडा १२०च्या खाली आणायचा, अर्ध्यांचा १४०च्या खाली. म्हणजे गोळ्या दोन्ही गटांना होत्या, पहिल्या गटाला जास्त. त्यातल्या काहींचे मेंदूचे एमआरआय सुरुवातीला आणि साधारण चार वर्षांनी पुन्हा काढले. दुसऱ्यांदा ४४९ जणांचे मिळाले. जास्त गोळ्यांच्या गटात मेंदूचं आकारमान सरासरी ३०.६ घन सेंटिमीटरने घटलं, दुसऱ्या गटात २६.९ने. फरक ३.७चा, आणि मेंदू सुमारे ११३४ घन सेंटिमीटरचा. एवढंच ते 'आक्रसणं'. फरक खरा आहे, पण हजारात तीनचा आहे.

त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याने गिळली. मेंदूतले पांढरे डाग. हे कसे दिसतात ते सांगते. एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या पद्धतीने काढलेल्या चित्रात मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी काळं येतं, आणि त्या काळ्या पोकळ्यांच्या कडेला, आतल्या भागात, पांढरे ठिपके उठून दिसतात. सुरुवातीला मोहरीएवढे सुटे सुटे. वर्षानुवर्षं रक्तदाब चढलेला राहिला की बारीक रक्तवाहिन्या कडक होतात, आतल्या तंतूंना रक्त कमी पडतं आणि ठिपके एकमेकांना मिळून पट्टे होतात. पुढे चाल मंदावते, विचार मंदावतो. स्प्रिंटमध्ये हे डाग १४०वाल्या गटात १.४५ घन सेंटिमीटरने वाढले आणि १२०वाल्या गटात ०.९२ने. रक्तदाब जास्त आटोक्यात, तर डाग कमी वाढले.

आणि माणसांचं काय झालं? २०१९ साली निकाल छापून आला. १२०वाल्या गटात सौम्य स्मृतिदोष १९ टक्क्यांनी कमी. पूर्ण स्मृतिभ्रंशही कमी दिसला, पण तो फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता येईल इतका नव्हता. म्हणजे ज्यांचा मेंदू गोळ्यांनी 'आक्रसला', त्यांचीच स्मृती जास्त टिकली. एकाच अभ्यासातला एक आकडा उचलायचा, बाकीचे लपवायचे, आणि अडुसष्ट वर्षांच्या बाईला गोळी बंद करायला सांगायची, याला मी अपराध म्हणते.

१२०चं लक्ष्य सगळ्यांना झेपतं असंही नाही. त्या गटात रक्तदाब फार उतरणं, भोवळ येऊन शुद्ध हरपणं, मूत्रपिंडाला इजा, हे जास्त झालं. म्हणून आकडा कुठवर आणायचा ते डॉक्टरशी बोलून ठरवायचं. गोळी सोसत नसेल तर बदलून मागायची. आपल्या मनाने बंद करायची नाही.

'मेंदूचं वय' हे प्रकरण संशोधनात खरंच आहे. हजारो स्कॅन दाखवून संगणकाला शिकवतात, मग तो नवा स्कॅन बघून वय सांगतो. २०१० सालच्या ज्या कामातून ही पद्धत रुळली, त्यात सरासरी चूक पाच वर्षांची होती. गटांची तुलना करायला ठीक, पण एका माणसाला 'तुझा मेंदू पंचाहत्तरचा' म्हणून घाबरवायला नाही. शिवाय २०२१ साली युरोपातल्या संशोधकांनी तीच माणसं काही वर्षांनी पुन्हा तपासली, तेव्हा मेंदूचं जास्तीचं वय हे तो किती वेगाने घटतोय याच्याशी फारसं जुळलं नाही, जन्मवेळच्या वजनाशी जुळलं. आणि माझ्या कामातलं एक सांगते: स्कॅन चालू असताना माणसाने डोकं थोडं जरी हलवलं, तरी मोजणीत मेंदूची साल पातळ येते. खोकला आला म्हणून कुणी पाच वर्षांनी म्हातारा होत नाही.

वातीचं बघू. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमेअर म्हणतात, पेशी विभागताना ती आखडतात, आणि त्या शोधाला २००९ साली नोबेल मिळालं, हे सगळं खरं. एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक. पण ते टोकं कशी राखली जातात या शोधाला मिळालं, कॅप्सूलला नाही. रक्ताच्या तपासणीत टोकं मोजतात ती पांढऱ्या पेशींची. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जन्मानंतर विभागतच नाहीत, मग विभागून झिजणारी वात त्यांच्यात कुठून येणार? एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांतही या लांबीत एवढा फरक असतो की तिच्यावरून कुणाची किती वर्षं उरली ते सांगता येत नाही.

टोक लांब तेवढं चांगलं, हेही धादांत खोटं. बहुतेक कर्करोगाच्या पेशी टोकं लांबवणारं विकर (एन्झाइम) चालू करूनच अमर होतात. २०२३ साली जन्मतःच लांब टेलोमेअर असलेल्या काही कुटुंबांचा अभ्यास आला. त्यांचे केस उशिरा पांढरे झाले, पण शरीरात गाठी जास्त होत्या, कर्करोगही होते. कॅप्सूल विकणारा हे सांगेल?

ऑक्सिजनची बातमी २०२०च्या इस्रायलमधल्या अभ्यासाची. ३५ माणसं, साठ सत्रं, तुलनेला दुसरा गट नाही, आणि टोकं मोजली तीही रक्तातल्या पेशींचीच. मेंदूची पंचवीस वर्षं त्यात कुठेच नाहीत.

मावशीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिचा गेल्या वर्षीचा एमआरआय मीच केला होता. तो लॅपटॉपवर उघडून तिच्यासमोर ठेवला आणि पोकळ्यांच्या कडेचे ठिपके बोटाने दाखवले. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे मला तेव्हा कुणी का नाही सांगितलं? 'वयानुरूप बदल' एवढंच लिहिलं होतं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

तिच्या डॉक्टरांना फोन करून गोळी त्याच दिवशी सुरू केली. आठवड्याने १४६/८८ आलं. अजून खाली यायला हवं.

मेसेज तिने अकरा जणांना पुढे पाठवला होता. त्यातल्या चौघांना रक्तदाब आहे. दोघी बसून एकेकाला फोन लावले. एकाने गोळी बंद केलीच होती, दोघांनी मेसेज वाचलाही नव्हता. चौथीचा फोन अजून लागलेला नाही. मावशी रोज संध्याकाळी लावून बघते.