‘पिशवीने रक्त थांबतं का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘वीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या सिस्टरला नजरेनेच कळतं. प्लास्टिकच्या पिशवीने कधी रक्त थांबलंय का? गरिबांच्या वाट्याला नेहमी असलंच काहीतरी. आणि शहापूर-मुरबाडहून ठाण्याला न्यायचं तर वेळ जायचा तो जातोच,’ असं तुम्ही लिहिलंत.

थांबत नाही, कबूल. थर्मामीटरनेही ताप उतरत नाही. बाळंतपणानंतर बाळंतिणीखाली घालायची ही खुणांची पिशवी किती रक्त गेलं ते मोजायला असते.

नजरेचं मात्र पटत नाही. अशी पिशवी बेळगावला, मिसोप्रोस्टॉलच्या (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायच्या गोळीच्या) अभ्यासात वापरली गेली. तिथे नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा सरासरी ३३ टक्के कमी निघाला. यात सिस्टरचा दोष नाही. रक्त कापसात, चादरीत मुरतं, आणि जास्त गेलं की अंदाज आणखी चुकतो. ‘गरिबांचं’ म्हणाल, तर अमेरिकेतल्या लेबर रूममध्येही मापाच्या पिशव्या वापरतात.

नुसतं प्लास्टिक पुरत नाही, हे तुमचं खरं आहे. आफ्रिकेतल्या चार देशांत ८० रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांना पिशव्या होत्या. एका गटाच्या पिशवीवर खुणा नव्हत्या. खुणांची पिशवी आणि उपचार एकदमच सुरू करायची शिस्त मिळालेल्या गटात तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडणं किंवा मृत्यू १.६ टक्के, दुसऱ्या गटात ४.३.

शिस्त म्हणजे: ५०० मिली झालं, किंवा ३०० मिली आणि नाडी वा बीपी बिघडलेलं, की थांबायचं नाही. गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावायचं औषध), शिरेतून १ ग्रॅम ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध), सलाईन, मूत्राशय रिकामं करणं, टाके-जखम तपासणं, सगळं एका दमात. आधी एक, मग वाट पाहू, मग दुसरं, यातच वेळ जातो. ट्रॅनेक्झामिकला बाळंतपणानंतर ३ तासांची मर्यादा आहे. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवलेलं नसेल, तर मे महिन्यातल्या ठाण्यात त्यावर फार विसंबू नका.

पिशवीतही चुका होतात. बाळ बाहेर आल्यावर, गर्भजल वाहून गेल्यावरच ती नितंबाखाली सरकवायची. आधी घातली की गर्भजलच मोजलं जातं. कमरेचे पट्टे बांधले नाहीत तर रक्त बाजूने चादरीत उतरतं. माप पिशवी टेबलाच्या कडेला मोकळी लोंबत असतानाच वाचायचं. भिजलेला गॉझ वेगळा तोलायचा. कोरडं वजन वजा केलं की साधारण १ ग्रॅम म्हणजे १ मिली. आणि वार पडली म्हणून पिशवी काढू नका. पहिला तासभर राहू द्या, दर १५ मिनिटांनी पाहा.

स्थानिक पातळीवर शिवून घ्यायचा विचार असेल (तसं विचारणारे बरेच आहेत), तर शिवू नका, सुईच्या भोकांतून गळतं. कडा उष्णतेने चिकटवा. खुणा पट्टीने समान अंतरावर काढू नका. पिशवी खाली निमुळती असते, म्हणून खालच्या १०० मिलीला उंची जास्त लागते. ती टांगून मोजपात्राने १००-१०० मिली पाणी ओतत प्रत्येक पातळीला खूण करा, ५०० ची रेघ लाल आणि जाड.

शहापूर-मुरबाडचा मुद्दा याच बाजूने जातो. ३०० वर कळलं तर १०८ ला तेव्हाच फोन होतो, पहिले उपचार केंद्रावरच सुरू होतात आणि बाळंतीण सलाईन चालू असताना निघते. रेफरलच्या चिठ्ठीवर ‘खूप रक्त गेलं’ऐवजी ‘६५० मिली, नाडी १२०, बीपी ९०’ लिहिलं, तर पुढच्या रुग्णालयाला रक्ताची तयारी आधीच करता येते.