मोठी दुकाने कोणी बुडवली? एका लाडक्या समजाचा प्रतिवाद

अमेरिकेतील जुन्या प्रादेशिक डिपार्टमेंट स्टोअरांविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे सतत फिरतो आहे आणि तिकडे स्थायिक झालेली मराठी मंडळीही तो तितक्याच हळहळीने पुढे पाठवतात. पूर्वी प्रत्येक शहराचे स्वतःचे एक भव्य दुकान असे, डेट्रॉइटचे हडसन्स, शिकागोचे मार्शल फील्ड्स, अटलांटाचे रिच्स. ते गावातल्याच घराण्याच्या मालकीचे असे. तेथे सर्वांचे सारखेच स्वागत होई. तेथील सेवेला तोड नव्हती. आणि हे सारे वैभव ॲमेझॉनने बुडवले, असा त्याचा आशय. मार्शल फील्ड्सच्या वॉलनट रूम या उपाहारगृहातले नाताळचे झाड ज्यांनी लहानपणी पाहिले, त्यांना चुटपुट लागणारच. तिच्याशी माझे भांडण नाही. तिच्या आधाराने सांगितला जाणारा इतिहास मात्र तपासायला हवा.

ॲमेझॉनचा मुद्दा तारखांनीच निकालात निघतो. त्या कंपनीने जुलै १९९५ मध्ये विक्री सुरू केली, तीही फक्त पुस्तकांची. तोवर गिंबेल्स (१९८७), बाल्टिमोरचे हट्झलर्स आणि रिचमंडचे मिलर अँड रोड्स (दोन्ही १९९०), सिॲटलचे फ्रेडरिक अँड नेल्सन (१९९२) बंद पडून गेले होते. उरल्यासुरल्या दुकानांना पुढे इंटरनेटचा फटका बसला हे कोणी नाकारत नाही, परंतु या यादीतील दुकानांच्या मृत्यूचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

मग ती बुडवली कोणी? हडसन्सचे उदाहरण घ्या. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवरील या अवाढव्य दुकानाच्या मालकांनी शहराच्या हद्दीवरील एट माइल रोडच्या पलीकडे, साउथफील्ड येथे, व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाकडून नॉर्थलँड हे खरेदी केंद्र बांधून घेतले आणि १९५४ मध्ये तेथे आपलीच मोठी शाखा उघडली. गिऱ्हाईक उपनगरांत राहायला जात होते आणि दुकान त्याच्या मागोमाग गेले. व्यापारी हिशेबाने यात चूक काढणे अवघड आहे, पण शहरातल्या मूळ दुकानाचे गिऱ्हाईक तोडणारे पहिले मोठे केंद्र हडसन्सनेच उभारले, ही गोष्ट फिरणाऱ्या मजकुरात कोठेच नसते. मिनीॲपोलिसच्या डेटन्सने तर दोन पावले पुढे टाकली. १९५६ मध्ये त्यांनी ग्रुएन यांच्याकडूनच साउथडेल हा बंदिस्त मॉल बांधवून घेतला आणि १९६२ मध्ये, म्हणजे वॉलमार्ट व केमार्ट ज्या वर्षी सुरू झाले त्याच वर्षी, टार्गेट हे स्वस्त मालाचे दुकान काढले. १९६९ मध्ये डेटन्स आणि हडसन्स यांच्या कंपन्या एक झाल्या, जानेवारी १९८३ मध्ये या कंपनीने वुडवर्डवरील दुकानाला टाळे ठोकले आणि २००० मध्ये तिने नावच टार्गेट कॉर्पोरेशन असे घेतले. घराणे बुडाले नाही. त्याने धंदा बदलला.

गावातल्या मालकीची गोष्टही अर्धीच खरी आहे. बॉस्टनचे फाइलीन्स, कोलंबसचे लाझारस आणि ब्रुकलिनचे एब्रहॅम अँड स्ट्रॉस यांनी मिळून फेडरेटेड हा समूह १९२९ मध्येच स्थापन केला होता. १९८८ मध्ये कॅनडातील बांधकाम व्यावसायिक रॉबर्ट कॅम्पो यांनी प्रचंड कर्ज काढून तो विकत घेतला, आणि जानेवारी १९९० मध्ये त्याला दिवाळखोरीचा आसरा घ्यावा लागला. सप्टेंबर २००६ मध्ये याच फेडरेटेडने मार्शल फील्ड्सची पाटी उतरवून मेसीज या आपल्या दुकानसाखळीची चढवली, तेव्हा शिकागोकर रस्त्यावर उतरले. त्यांचा संताप रास्तच होता. पण त्याच्या पाच वर्षे आधी, २००१ मध्ये, तेव्हा मार्शल फील्ड्सचीही मालक असलेल्या टार्गेट कॉर्पोरेशनकडून डेटन्स आणि हडसन्स यांच्या शाखांवरची नावे पुसून तेथे मार्शल फील्ड्स हे नाव लावले गेले होते, ही आठवण शिकागोच्या शोकसभेत सहसा कोणी काढत नाही.

सर्वात जास्त खटकतो तो 'सर्वांचे सारखेच स्वागत' हा मुद्दा. बाल्टिमोरच्या मोठ्या दुकानांत कितीतरी वर्षे कृष्णवर्णीय स्त्रियांना कपडा अंगाला लावून पाहू देत नसत. आवडला तर तसाच विकत घ्यायचा, आणि घरी नेल्यावर तो बसला नाही तरी परत करायचा नाही. अटलांटाच्या रिच्समध्ये कृष्णवर्णीयांना उधारीचे खाते मिळे, त्यांचा पैसा गल्ल्यात चाले, मात्र मॅग्नोलिया रूम या उपाहारगृहात त्यांना बसता येत नसे. १९ ऑक्टोबर १९६० रोजी तेथे विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला आणि त्यांच्यासह मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. वाहन परवान्याच्या एका जुन्या किरकोळ प्रकरणातील अटी मोडल्याचे निमित्त करून न्यायाधीशाने किंग यांना चार महिने सक्तमजुरी ठोठावली, व त्यांना रीड्सव्हिलच्या तुरुंगात नेण्यात आले. शहरातील कृष्णवर्णीयांनी खरेदीवर बहिष्कार घातला, अनेकांनी रिच्समधली खाती बंद केली, आणि १९६१ च्या शरद ऋतूत त्या टेबलांवरची बंदी उठली. 'आमच्या लहानपणी तेथे सगळे येत' असे लिहिणाऱ्याने त्या सगळ्यांत कोण कोण होते, हे एकदा स्वतःला विचारावे.

सेवेबद्दल मात्र मजकूर बराचसा खरा आहे. घरपोच माल, विनातक्रार परतावा, कपड्याची पारख असलेला विक्रेता, हे सारे तेथे होते. त्याचा खर्च किमतीतूनच निघे, हे तेवढे सांगायचे राहते. १९३७ च्या संघीय कायद्याच्या आधारे अनेक राज्यांत उत्पादकाने ठरवलेल्या किमतीहून स्वस्त विकणाऱ्या दुकानदारावर दावा लावता येई, ई. जे. कॉर्व्हेट या न्यूयॉर्कच्या सवलतीच्या दुकानाने असे खटल्यांमागून खटले झेलले. १९७५ मध्ये अमेरिकी संसदेने ही मुभा काढून घेतली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून अदबशीर विक्रेत्याचा निरोप घेऊन गिऱ्हाईक कॉर्व्हेटच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते.