कढीपत्ता खा, पण केस काळे होतील म्हणून नको

सध्या पुन्हा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. ‘डाय फेकून द्या, २१ दिवसांत पांढरे केस मुळापासून काळे!’ खाली लोखंडी कढईतल्या काळ्याकुट्ट लेपाचा फोटो. म्हणणं असं की केस पिकतात ते चुकीच्या खाण्यामुळे: चहा, आंबट, जास्तीचं मीठ, फ्रिजमधलं शिळं. उपाय म्हणजे रोज अनशापोटी कढीपत्त्याची दहा पानं, चमचाभर काळे तीळ, एक आवळा, आणि आठवड्यातून दोनदा कढईत रात्रभर भिजवलेल्या आवळा पावडरीचा लेप. पुरावा काय, तर ‘आपल्या आज्यांचे केस ऐंशीव्या वर्षीही काळेभोर होते’. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, ‘डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’. डॉक्टर सांगतात हो. त्यांचं उत्तर कंटाळवाणं असतं, म्हणून कुणी पुढे पाठवत नाही.

‘२१ दिवसांत मुळापासून काळे’

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे २१ दिवसांत सात मिलिमीटर. टाळूबाहेर आलेला केस मृत असतो, त्यात रक्त नाही की जिवंत पेशी नाही, त्यामुळे तुम्ही खाल्लेलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. कमरेपर्यंतच्या वेणीचा शेंडा चारपाच वर्षांपूर्वी मुळाशी तयार झालेला असतो. उद्या खरोखरच रामबाण औषध सापडलं, तरी तीन आठवड्यांनी मुळाशी बोटाच्या पेराहूनही कमी काळं दिसेल आणि पुढचा केस पांढराच राहील. फॉरवर्डमधल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंत अशी रेघ शोधा. मुळापासून शेंड्यापर्यंत एकसारखा काळा रंग असेल तर तो वरून लावलेला आहे.

आणि वरून लावायचं साहित्य त्याच मजकुरात आहे. आवळा चिरताना लोखंडी विळी काळीनिळी पडते, कच्चं केळं चिरतानाही पडते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. आवळ्यातली तुरट द्रव्यं लोखंडाशी मिसळली की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी शाई करत, ती याच रसायनावर. कढईतला लेप काळा होतो तो असा, आणि पांढऱ्या केसावर त्याची थोडी झाक चढतेही. काही धुण्यांत ती उतरते, दरम्यान उशीचा अभ्रा मात्र कायमचा डागाळतो. फुकटचा रंग म्हणून लावायचा तर खुशाल लावा. पण त्याला ‘मुळापासून’ म्हणू नका.

‘केस पिकतात ते खाण्यामुळे’

केसाच्या मुळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या वाढत्या केसात रंग भरतात. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, गळतो, आणि त्याच जागी नवा येतो. दर नव्या केसाला नव्या रंगपेशी लागतात, त्या शेजारच्या मूळपेशींच्या (स्टेम सेल, म्हणजे ज्यांतून नव्या पेशी बनतात त्या) साठ्यातून येतात. वयाबरोबर हा साठा आटतो. जपानी शास्त्रज्ञ एमी निशिमुरा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे उंदरांत आणि माणसांच्या केसांतही दाखवलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गटाला उंदरांत आणखी एक गोष्ट दिसली: काही मूळपेशी शिल्लक असतात, पण भलत्याच जागी अडकून पडतात आणि रंगपेशी बनतच नाहीत.

हा साठा कधी आटणार, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. २०१६ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात आयआरएफ-४ या जनुकाचा केस पिकण्याशी संबंध सापडला. एकटं ते जनुक सगळं ठरवत नाही. तरी वडिलांचे केस तिशीत पिकले असतील तर मुलाच्या चहाच्या कपाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. चहा, मीठ, चिंच, लोणचं यांनी केस पिकतात याला आधार नाही. गंमत म्हणजे ज्या सवयीचा संबंध अनेक पाहण्यांत खरंच दिसला, ती सिगारेट या यादीत नाही. सिगारेटऐवजी विकायला काही नसेल कदाचित.

मग आहाराचा काहीच संबंध नाही?

आहे, आणि म्हणूनच असे मजकूर खरे वाटतात. प्रथिनांच्या तीव्र कुपोषणात, म्हणजे क्वाशिओरकॉरमध्ये, मुलांच्या केसांचा रंग उडतो. मधे काही महिने पोटभर जेवण मिळालं, पुन्हा उपासमार झाली, की एकाच केसावर गडद आणि फिके पट्टे उमटतात. केस हातात घेतला तर त्या मुलाच्या बऱ्या-वाईट महिन्यांची नोंद त्यावर वाचता येते. तांब्याचंही तसंच. रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला तांबं लागतं. चाऱ्यात तांबं कमी पडलं की काळ्या मेंढीला फिकी लोकर येते, तांबं दिलं की पुन्हा काळी.

माणसांत, त्यातही आपल्याकडे, सगळ्यात महत्त्वाचं आहे ते बी-१२. त्याच्या कमतरतेत केस लवकर पिकू शकतात आणि कमतरता भरून काढल्यावर काहींचे पुन्हा काळेही झाले आहेत. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध-दही यांतून मिळतं. कढीपत्त्यात नाही, तिळात नाही, आवळ्यात नाही. म्हणजे ज्या शाकाहारी तरुणाचे केस खरोखर खाण्यामुळे पिकत असतील, त्याला हा मजकूर नेमकी नको ती वस्तू खायला सांगतो. तो तीन महिने पानं चघळत बसतो आणि हातापायांना येणाऱ्या मुंग्या, थकवा, लालबुंद जीभ या खुणांकडे दुर्लक्ष होतं. केसांचं सोडा, बी-१२ दीर्घकाळ कमी राहिलं तर नसांना कायमची इजा होऊ शकते. लहान वयात थायरॉइडच्या बिघाडातही केस पिकतात.

पंचविशीच्या आत केस पिकू लागले तर आपल्याकडे ते अकाली धरतात. अशा वेळी बी-१२, थायरॉइड आणि शरीरातला लोहाचा साठा तपासून घ्यावा. कमतरता निघाली तर उपचार करा, केस काळे होतील याची हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. तपासण्या नीट आल्या तर ते घराण्यातून आलं आहे, इतकंच. लग्नाच्या वयाच्या मुलीला ‘भाज्या खात नाहीस म्हणून’ ऐकवणाऱ्या काकू-मावश्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

‘शास्त्रज्ञांनीही मान्य केलंय’

याच मजकुराची एक सुशिक्षित आवृत्ती आहे. त्यात म्हटलंय की केसात हायड्रोजन पेरॉक्साइड साचतं म्हणून तो पांढरा होतो, तेव्हा कॅटालेजच्या गोळ्या घ्या. पिकलेल्या केसात पेरॉक्साइड साचतं आणि ते मोडणारं कॅटालेज कमी असतं, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात खरंच आहे. पण कॅटालेज हे प्रथिन. गिळलं की ते डाळीतल्या प्रथिनासारखं पचतं, अखंड केसाच्या मुळाशी जात नाही.

ताणाने केस पिकतात हे मात्र खरं आहे, निदान अर्धं. २०२० मध्ये हार्वर्डच्या गटाने दाखवलं की तीव्र ताणात उंदरांच्या त्वचेतल्या मज्जातंतूंमधून नॉरअ‍ॅड्रेनलिन हे ताणाचं रसायन सुटतं आणि रंगाच्या मूळपेशींचा साठा झपाट्याने संपतो. २०२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने १४ जणांचे एकेक केस तपासले. काही पिकलेले केस मुळाशी पुन्हा काळे झालेले सापडले. एकाचे तर सुट्टीवर गेल्याच्या काळात पाच केस काळे झाले. पाचच. सगळं डोकं नव्हे.

आज्यांचे केस, आणि उरलंसुरलं

आज्या डोक्यावरून पदर घेत, मेंदी लावत, आणि ज्यांचे केस पांढरे होते त्यांची आठवण कुणी ‘काळेभोर’ म्हणून काढत नाही. खोबरेल तेलाने केस काळा होत नाही. त्याने केसातली प्रथिनं कमी झिजतात हे मुंबईच्या मॅरिकोतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं (कंपनी खोबरेल विकते, हेही लक्षात ठेवा). एक पांढरा केस उपटला तर सात उगवत नाहीत, त्याच छिद्रातून पुन्हा एकच येतो.

मजकुराच्या तळाशी बहुतेकदा ‘शुद्ध वनस्पतीजन्य’ काळ्या मेंदीचा फोन नंबर असतो. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस-नारिंगी येतो. काळा हवा असेल तर मेंदीवर निळीच्या झाडाची पावडर लावतात आणि त्याला वेळ लागतो. दहा मिनिटांत कुळकुळीत काळी होणाऱ्या पुडीवर ‘पीपीडी’ किंवा पॅराफिनायलिनडायअमाइन हे नाव शोधा. डायमध्येही तेच असतं आणि काहींना त्याने चेहरा सुजेपर्यंत अ‍ॅलर्जी येते. म्हणून थोडंसं कानामागे लावून ४८ तास थांबा. पुडीवर घटकच छापलेले नसतील तर घेऊ नका.