'२२ केएनचा हूक कशालाही लावा' म्हणे!

उंचीवर काम करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. त्याचं सार असं: हूकवर २२ केएन (किलोन्यूटन, ताणाचं माप) छापलेलं असलं की तो कुठेही चालतो, डबल लॉक असला तर सुटायचा प्रश्नच नाही, लॅनयार्ड (अंगावरचा सुरक्षापट्टा, म्हणजे हार्नेस, अँकरला जोडणारा दोर) आखूड पडला तर दुसरा जोडा, अँकर (हूक अडकवायची पक्की जागा) नसेल तर बीमला वेढा मारून हूक त्याच पट्ट्याला अडकवा, फक्त दोन कंपन्यांचा माल एकत्र करू नका. शेवटची सूचना निम्मी बरोबर आहे. बाकीच्या जिवावर बेतणाऱ्या आहेत.

आधी तो आकडा. २२ केएन म्हणजे सुमारे २,२४० किलोचा ताण. पण हूक लांबीच्या दिशेने ओढला गेला, गेट (हूकचं उघडझाप करणारं तोंड) बंद राहिलं आणि भार हूकच्या वाकात बसला, तरच तो लागू. कॅराबिनरवर (गेट असलेल्या धातूच्या कडीवर) आडव्या बाणाशेजारी वेगळा आकडा असतो, बहुधा ७ ते १० केएन. गेटचा हिशोब त्याहून निराळा. अमेरिकेच्या एएनएसआय झेड३५९ मानकात पूर्वी गेटने समोरून २२० पौंड, म्हणजे जेमतेम १ केएन, सोसलं तरी पुरत होतं. २००७च्या आवृत्तीत ही अट ३,६०० पौंडांवर, म्हणजे १६ केएनवर गेली. म्हणजे जुना आणि नवा, दोन्ही हूक २२ केएनचेच, पण एकाचं गेट १ केएनचं आणि दुसऱ्याचं १६ केएनचं असू शकतं. गेटवरचा छाप वेगळा शोधून वाचावा लागतो. गोदामातून जुना माल काढणाऱ्या साइटवर तर हे पहिलं काम.

आता डबल लॉक. मागची पट्टी दाबल्याशिवाय गेट आत जात नाही, हे खरं. चुकून घासून उघडणाऱ्या हूकपेक्षा तो कितीतरी बरा, म्हणून तर अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून बांधकामावर पडण्यापासून संरक्षणासाठी बिनलॉकचे स्नॅप हूक बंद झाले. पण हूक आणि रिंग यांचं माप जुळत नसेल तर लॉक काय करणार? परांचीच्या पाइपवर बसणारा ५० मिमीहून रुंद तोंडाचा हूक हार्नेसच्या साध्या डी-रिंगमध्ये (डी-आकाराच्या कडीत) घातला की रिंग त्यात सैल फिरते. माणूस वाकतो, वळतो, लॅनयार्ड ढिला पडतो आणि रिंग सरकत गेटवर येऊन बसते. त्या क्षणी पाय घसरला तर सगळा झटका गेटवर. उलट प्रकारही होतो: जाड प्लेटच्या लहान भोकात हूक घातला तर त्याला फिरायला जागाच नसते. तो कडेवर आडवा पडतो, आणि प्लेटची धार पट्टी व गेट दोन्ही एकाच वेळी दाबू शकते, आणि हूक सुटतो. यालाच रोलआउट म्हणतात.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. हूक लावा, ताण सोडा, रिंगमध्ये चारही बाजूंनी फिरवा, उलटा करा, मग ओढा. दर वेळी भार आपोआप वाकात येऊन बसला पाहिजे. गेट किंवा पट्टी कशालाही टेकली, तर ती जोडी बाद. 'टक' आवाजावर विसंबू नका. सिमेंटचं पाणी बिजागरीत वाळलं की गेट बंद झाल्यासारखं वाटतं, पण हूकच्या टोकापर्यंत पोचलेलं नसतं. पाठीवरची रिंग स्वतःला दिसत नाही, ती सोबत्याला दाखवा.

लॅनयार्डला लॅनयार्ड जोडण्यात दोन चुका एकदम होतात. हूकात हूक अडकवला की दोन गेट एकमेकांवर घासतात. खास त्यासाठीच बनवलेला नसेल तर अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांनुसार हे चालत नाही. तसंच एका डी-रिंगमध्ये आधीच हूक असताना दुसरा लावणंही. दुसरी चूक लांबीची. अँकर पाठीच्या रिंगच्या उंचीवर असेल तर १.८ मीटरच्या लॅनयार्डवर माणूस मोकळा १.८ मीटर पडतो. दोन जोडले तर ३.६. १०० किलोच्या माणसाची ऊर्जा सुमारे १,७६० जूलवरून ३,५३० वर जाते. शॉक अॅब्सॉर्बरची (झटका शोषायला उसवत जाणाऱ्या पट्ट्याची) शिलाई पूर्ण उसवून संपली की उरलेला झटका थेट शरीराला. दोन्ही लॅनयार्डना अॅब्सॉर्बर असले तर दोन्ही उसवत माणूस आणखी खाली जाणार. युरोपीय मानकाप्रमाणे एकाच २ मीटरच्या लॅनयार्डला अँकरखाली जागा किती लागते बघा: लॅनयार्ड २, अॅब्सॉर्बर १.७५ पर्यंत, रिंगपासून पायापर्यंत १.५, राखीव १; एकूण ६.२५ मीटर. ३ मीटरच्या मजल्यांत दोन मजले यातच गेले.

मेसेजमध्ये नसलेली, पण साइटवर रोज दिसणारी एक चूक इथेच सांगायला हवी. दुहेरी (दोन शेपट्यांच्या) लॅनयार्डचा मोकळा हूक लोंबायला नको म्हणून कमरेच्या डी-रिंगला अडकवतात. अॅब्सॉर्बर असतो दोन्ही शेपट्यांचा सांधा आणि पाठीची रिंग यांच्यामध्ये. मोकळी शेपटी कमरेला बांधली की भार अँकरकडून एका शेपटीतून सांध्यावर, तिथून दुसरीतून थेट कमरेच्या रिंगवर येतो. अॅब्सॉर्बर उसवायलाच मिळत नाही. शिवाय कमरेच्या रिंगा कामाच्या जागी टेकून उभं राहण्यासाठी असतात, पडणारा माणूस पेलायला नाही. मोकळा हूक ठेवायला छातीच्या पट्ट्यावर थोड्या ताणाने सुटणारा कीपर असतो, तो वापरा.

बीमला वेढा मारून त्याच पट्ट्यात हूक लावायचा तर लॅनयार्डवर टाय-बॅकची परवानगी छापलेली हवी. साध्या लॅनयार्डचा पट्टा गेट दाबतो आणि स्टीलच्या धारेवर कापलाही जातो. अँकर स्लिंग (बीमभोवती गुंडाळायचा वेगळा पट्टा) वापरा, धारेवर पॅड घाला.

राहिली कंपन्यांची गोष्ट. आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा छाप त्या वस्तूच्या चाचणीबद्दल बोलतो, तुम्ही जमवलेल्या जोडीबद्दल नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग जुळू शकतात. एकाच कंपनीचा परांचीचा हूक आणि तिचीच साधी डी-रिंग जुळणार नाही. माप, आकार आणि ताकद जुळली तरी काम जुळतं का हेही बघावं लागतं. रिट्रॅक्टेबल ब्लॉकच्या (दोरी आपोआप आत ओढून घेणाऱ्या यंत्राच्या) दोरीला पुढे अॅब्सॉर्बरवाला लॅनयार्ड जोडू नये: मोकळं पडण्याचं अंतर वाढतं आणि ब्लॉकचं ब्रेक वेगळ्याच हिशोबाने बनलेलं असतं. रोप ग्रॅबचं (दोरीवर सरकणाऱ्या आणि पडताना तिला पकडणाऱ्या उपकरणाचं) तसंच. त्याच्यावर दोरीचा व्यास लिहिलेला असतो. १६ मिमीच्या ग्रॅबमध्ये १२ मिमीची दोरी घातली तर तो पकडण्याऐवजी घसरत जाऊ शकतो. एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे घेतले असले तरीही.