अ‍ॅक्टिंगचा क्लास लावायचा का?

"अभिनय अंगातच असावा लागते, शिकून थोडीच येते" हे वाक्य आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, लहानपणापासून ऐकत आलो आणि आता मला ते अजिबात पटत नाही. विषय निघाला भाचीमुळे. पोरगी बी.ए. झाली, कॉलेजात नाटक केलं, आता म्हणते मामा मी अ‍ॅक्टिंग शिकू का, आणि घरात सगळे तिच्यावर तुटून पडले.

मी स्वतः धान निघालं की सीझनमध्ये नाटकात काम करतो, वडसाच्या नाटक कंपन्यांसोबत फिरलो. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालते, थंडीत शेकडो माणसं जमिनीवर बसून असतात, आवडलं नाही तर तोंडावर सांगतात. एवढी मोठी शाळा कोणत्याच शहरात नाही. आपल्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या मातीत काय आहे हे कोणी मला सांगायची गरज नाही.

पण या शाळेत काही गोष्टी शिकवतच नाहीत. तालमी कमी, रोज नवीन गाव, म्हणून विंगेतून वाक्यं सांगणाऱ्या प्रॉम्प्टरवर भिस्त. अर्धा कान विंगेकडे, मग समोरचा नट काय बोलला ते ऐकणार कोण? आपण फक्त आपल्या वाक्याची वाट पाहतो. आणि आवाज! होळीपर्यंत निम्म्या लोकांचे गळे बसलेले असतात कारण ताकद गळ्यातून लावतो, श्वास पोटातून कसा घ्यायचा, आवाज न फोडता शेवटच्या माणसापर्यंत कसा न्यायचा हे कोणी बसून शिकवलंच नाही. कॅमेऱ्याचं तर वेगळंच, तिथे नुसते डोळे हलले तरी पुरते आणि आपण हात झाडत बसतो. हे सगळं शिकवता येते, शिकता येते, आणि शिकलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र आधी स्टेज, मग क्लास. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, एनएसडीत, तीन वर्षांचा कोर्स आहे, तिथेही पदवीसोबत किमान 6 नाटकांचा अनुभव मागतात आणि निवड झाली की वर शिष्यवृत्ती देतात. पुण्याला विद्यापीठाचं नाटक शिकवणारं ललित कला केंद्र आहे, तिथल्याच एफटीआयआयला, म्हणजे सिनेमा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत, स्क्रीन अ‍ॅक्टिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहे पण तिथे पदवी आणि प्रवेश परीक्षा दोन्ही लागतात. आपल्या पोरांना हे माहीतच नसते, त्यांच्यापर्यंत पोहोचते ती फक्त "तीन महिन्यांत सिरीयलमध्ये रोल" वाली जाहिरात. जो क्लास पहिल्या दिवशी पोर्टफोलिओच्या फोटोचे पैसे मागतो आणि रोलची गॅरंटी देतो तिथे एक रुपया देऊ नका बाप्पा. रोल देणं शिकवणाऱ्याच्या हातात नसतेच. जाऊन एक तास मागे बसू द्या म्हणा, मास्तर पोरांना उभं करून काम करून घेतो का नुसता स्वतःचे किस्से सांगतो ते पाहा.

आणि कोणी म्हटलं की तुझी बोली आधी सोड, तर सोडू नका. प्रमाण मराठी शिका, स्वच्छ शिका, भूमिकेला लागते. पण "कायले", "मले" जिभेवरून पुसून टाकलं तर उद्या गडचिरोलीच्या बाईची भूमिका करायला दुसऱ्या गावची नटी आणतील आणि ती आपली बोली चुकीची बोलेल, हे मी पाहून पाहून थकलो.

भाचीला मी सांगितलं, दिवाळीनंतर या सीझनला कंपनीत लहान का होईना पार्ट घे, सोबत एनएसडीचा फॉर्म भर, तिकिटाचे आणि परीक्षेचे पैसे मी देतो. ताई अजून माझ्याशी बोलत नाही. आपल्या भागातून कोणी पोरगी दिल्ली-पुण्याला शिकून आली असेल तर कृपया ताईशी एकदा फोनवर बोला, तिले माझ्यापेक्षा एखाद्या बाईचं ऐकून धीर येईल.